मी राख वापरली नव्हती

मॅडमनी माझ्या हातात स्टीलची वाटी ठेवली. वाटीत राख होती.

गिरगावातला हॉल. एसी असा की दंडावर काटा आलेला. समोर लाल खुर्च्यांवर शे-दीडशे माणसं. पहिल्या रांगेत कंपन्यांचे लोक, गळ्यात पट्ट्या, पट्ट्यांना नावं. मी स्टेजवर उभी. अंगावर मॅडमनी दिलेली फिक्या रंगाची सुती साडी. मी घरून जांभळी नेसून निघाले होते, ती त्यांनी बदलायला लावली. "फार चमकते गं," म्हणाल्या. "आज तशी नको."

मॅडम माईकमध्ये बोलत होत्या. इंग्लिश, मग मराठी, मग परत इंग्लिश. माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता.

"ह्या लालबागच्या चाळीत राहतात. आमच्याकडे येण्याआधी पाळीच्या दिवसांत ह्या काय वापरत होत्या, सांगू? राख. चुलीतली राख, फडक्यात बांधून."

हॉलमधून आवाज आला. शंभर माणसांनी एकदम श्वास आत ओढला की येतो तसा.

मॅडमनी माईक बाजूला धरला आणि हळू म्हणाल्या, "दाखव ना. कशी बांधायचीस ते."

टेबलावर एक फडकं ठेवलेलं होतं. जुनं, मळकं. तेही त्यांनीच आणलेलं. मी फडकं पसरलं. राख ओतली. घडी घातली, गाठ मारली. माझे हात काळे होते. केळीच्या चिकाचे डाग, ते साबणानं जात नाहीत, घासलेटनं जात नाहीत. पण खालून बघणाऱ्यांना ते मळासारखे दिसले असणार. एका बाईनं चष्मा काढून डोळे पुसले. कोणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं.

मग मॅडमनी माझ्या दुसऱ्या हातात आमच्या कारखान्यातलं पॅड दिलं. केळीच्या धाग्याचं. एका हातात राखेची पुरचुंडी, दुसऱ्या हातात पॅड. टाळ्या. पुष्कळ वेळ टाळ्या.

मी राख वापरली नव्हती. कधीच नाही. आमच्या खोलीत चूलसुद्धा नव्हती. माझ्या आठवणीत स्टोव्ह होता, नंतर गॅस आला. राख आणायची कुठून?

मला आधी सांगितलं होतं का? सांगितलं होतं. टॅक्सीत. "थोडं वाढवून सांगावं लागतं. लोकांच्या पोटात कालवल्याशिवाय ते काही करत नाहीत. तुला काही बोलायचं नाहीये, मी बोलेन. तू नुसती उभी राहा." मी मान हलवली. मान हलवायची सवय होती. नवरा शिवडीला गोदामात कामाला होता, पोरगी चार वर्षांची असताना गेला. तेव्हापासून घरात तिघी. मी, माझी मुलगी प्राची आणि माझी आई. घर माझ्या कामावर चालायचं. तर मी मान हलवली, आणि स्टेजवर माझ्या हातांनी माझीच घाण केली. नसलेली घाण.

आता खरं काय होतं ते सांगते.

माझे वडील मिलमध्ये ब्लीचिंग खात्यात होते. मी वयात आले तेव्हा मिल शेवटच्या घटका मोजत होती. आईनं मला घडी करायला शिकवली ती त्याच वर्षी. बाबांच्या जुन्या धोतराचं मऊ कापड, आत पिंजलेला कापूस, चारी बाजूंनी बारीक टाका. वापरलं की गार पाण्यात भिजवायचं, मग उकळायचं. त्याचं पातेलं वेगळं होतं. वाळत घालायचं तर उन्हात. चाळीतल्या बाकीच्या बायका लाजेनं अंधारात, पलंगाखाली वाळवायच्या. आई दोरीवर आधी घड्या घालायची, वरून पातळ साडी टाकायची. ऊन साडीतून आत जायचं. "ऊन लागूक होया," म्हणायची, "नायतर खाज सुटता." शाळेत मी एकदाही डाग घेऊन गेले नाही. एकदाही नाही. आमच्या आईनं आम्हाला राखेत वाढवलं नाही.

मॅडमचा कारखाना म्हणजे काळाचौकीतला एक गाळा. आम्ही सहा बायका आणि सुपरवायझर कदम. मॅडम दादरच्या. शिकलेल्या, परदेशात राहून आलेल्या. बोलणं गोड, कधी आवाज चढवायच्या नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "तुमच्यात काय वापरतात गं?" तुमच्यात. मी म्हटलं, पॅड वापरतो की, विकतचं. त्यांना ते उत्तर आवडलं नाही. "नाही, म्हणजे पूर्वी?" म्हणाल्या.

काम असं होतं. केळीचा घड उतरला की शेतकरी खोड तोडून टाकतात. ती खोडं वसईकडून टेम्पोनं यायची. खोडाचे पदर सोलायचे. एकेक पदर मशीनच्या रोलरमध्ये सरकवायचा. आत पात्यांचा ड्रम फिरतो, तो गर खरवडून काढतो, आणि खेचून बाहेर घेतला की हातात ओला पिवळट धागा येतो. पदर नीट धरला नाही तर ड्रम हातसुद्धा आत ओढतो. आमच्यातल्या लताचं बोट त्यानं ओढलं. करंगळीचं पेर गेलं. किंचाळली नाही ती, नुसती खाली बसली, आणि रक्त धाग्याच्या ढिगावर पडायला लागलं. मॅडम आतल्या केबिनमधून धावत आल्या. म्हणाल्या, "आधी तो धागा बाजूला घ्या. रक्त लागलं की सगळा लॉट जाईल." मग कदमनं लताला हॉस्पिटलात नेलं. आम्ही धागा बाजूला घेतला. मीसुद्धा घेतला. हे लिहिताना हात जड होतो, पण घेतला.

सुरुवातीला पॅड बनतच नव्हतं. धागा काथ्यासारखा टोचायचा. त्यावर पाणी टाकलं की थेंब वरच उभा राहायचा, आत शिरायचाच नाही. जे पाणी पीत नाही ते रक्त काय पिणार? मॅडमनी पुस्तकं वाचली, कुठून कुठून पावडरी मागवल्या. जमेना. एकदा मी ओंजळभर धागा घरी नेला. बाबा म्हणायचे, मागावरनं आलेलं कोरं कापड मुजोर असतं. त्याच्या अंगात मेण असतं. सोड्यात उकळलं की मेण सुटतं, मग ते पाणी पितं. मिलमध्ये त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं, भल्यामोठ्या हंड्यांत. मी लालबागच्या बाजारातून धुण्याचा सोडा आणला. धागा उकळला. काळं-तपकिरी पाणी सुटलं. ओतून दिलं, परत उकळला. मग आईची कपडे धुवायची मोगरी घेतली आणि मोरीत बसून कुटला. तास, दीड तास. दणादण. शेजारची बाई विचारायला आली, कोणाला मारतेयस. वाळवून पिंजला तर हातात कापूस. वर पाणी टाकलं. थेंब उभा राहिला नाही. गायब.

दुसऱ्या दिवशी मॅडमना दाखवलं. त्यांनी तीनदा पाणी ओतून बघितलं. मग कुणाला तरी फोन लावला आणि इंग्लिशमध्ये बोलायला लागल्या. दोन महिन्यांनी पाकिटं छापून आली. पाठीमागे लिहिलं होतं, 'आमच्या प्रयोगशाळेत विकसित केलेली खास पद्धत.' प्रयोगशाळा म्हणजे गाळ्यातल्या संडासाशेजारचा ओटा, आणि त्यावर माझ्या घरचं पातेलं. मोगरीपण माझ्याच घरची. रीत माझ्या बापाची आणि राख माझ्या नावावर.

तेव्हा मी हे असं बोलले नाही. तेव्हा मला वाटलं, आपलं काम चाललं ना, बस.

मग तो व्हिडिओ आला.

हॉलमधल्या कोणीतरी टाकला, तिथून मॅडमच्या पेजवर, तिथून सगळीकडे. खाली रडकी चित्रं, हात जोडलेली चित्रं. आठवड्यात तो आमच्या चाळीच्या ग्रुपवर होता. संध्याकाळी घरी आले तर गॅलरीत बायका गप्प झाल्या. आत आई भिंतीला टेकून बसलेली. शेजारच्या सुनेनं तिला मोबाईलवर दाखवलं होतं.

आई म्हणाली, "मी तुका राख दिलंय?"

मी चप्पल काढत होते. म्हटलं, "आई, ते कामाचं असतं. तसं सांगावं लागतं. लोक काय म्हणतील त्याचं—"

"लोक काय म्हणतत ता सोड. तू काय म्हणालंस ता सांग."

"मी काहीच म्हटलं नाही."

"ताच," आई म्हणाली. आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी शाळेतून फोन. प्राची नववीत, परळच्या शाळेत. बाईंच्या केबिनमध्ये गेले तर एका बाजूला प्राची उभी, केस सुटलेले. दुसऱ्या बाजूला एक मुलगी, ओठ फाटलेला, आणि तिची आई. ऑफिसातून तशीच आलेली, हातात गाडीची चावी. झालं असं होतं की त्या मुलीनं प्राचीच्या कंपासमध्ये कागदात बांधून राख ठेवली होती. वर लिहिलं होतं, 'तुझ्या मम्मीला दे.' प्राचीनं तिचं डोकं बाकावर आपटलं.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "दोघींचं चुकलंय. पण मारामारी आम्ही चालवून घेणार नाही."

ती आई मुख्याध्यापिकांशी बोलली, माझ्याशी नाही. "मॅडम, मला ह्यांच्याकडून सॉरी नकोय. जिथे बायका राख बांधतात, तिथल्या मुलीकडून आणखी काय अपेक्षा करायची?"

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी हात उचलला आणि मारली. कोणाला? प्राचीला. माझ्या पोरीला. सगळ्या ताकदीनं, कानाखाली. ती कपाटावर जाऊन आदळली. नाकातून रक्त. पांढऱ्या शर्टावर एक थेंब, मग धार.

कोणी हललं नाही. मी पर्स उघडली. रुमाल नव्हता. पॅड होतं. आमचं, केळीचं. तेच फाडून मी तिच्या नाकाला लावलं. ती माझ्याकडे बघत राहिली, पॅडच्या वरून, नुसते डोळे. पॅडनं सगळं रक्त ओढून घेतलं. चांगलंच बनलं होतं ते.

परळवरून लालबागपर्यंत आम्ही चालत आलो. पुलाखाली मसाला कुटायच्या डंकी चालू होत्या, मिरचीचा खाट उठलेला, दोघी शिंकत होतो. तिथे ती पहिल्यांदा बोलली.

"तू खरंच वापरायचीस राख?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

"मग तिथे का नाही बोललीस?" आणि थोडं पुढे गेल्यावर, माझ्याकडे न बघता, "मला मारायला बरा हात उठला तुझा."

मी रस्त्यात थांबले. मागचा माणूस आदळला, शिवी देऊन गेला. पोरगी चालत पुढे निघून गेली. मी तिथेच. मला आयुष्यात खूप लोक बोललेत, सासरचे, मुकादम, शेजारी. कोणाचं बोलणं असं आत घुसलं नाही. खरंच होतं. हात उठत होता की माझा. इतकी वर्षं मला वाटायचं माझ्यात ताकद नाही. ताकद होती. ती मी खालच्या बाजूला वापरत होते.

त्या दिवशी घरी जाऊन मी प्राचीची माफी मागितली. "मी तुला मारलं ते चुकलं," म्हटलं. ती गणिताचं पुस्तक उघडून बसली.

पुढच्या आठवड्यात गाळ्यावर पाहुणे आले. मॅडमनी सकाळीच सांगितलं होतं, "आज महत्त्वाचे लोक आहेत. वाटी केबिनमध्ये आहे. तसंच करायचं, गिरगावला केलं तसं." दोन पुरुष, दोन बायका. त्यातल्या एका बाईला मराठी येत होतं, आल्या आल्या तिनं मला विचारलं, "कशा आहात ताई?" मशीन बघून झालं. धागा हातात घेऊन झाला. मग मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वाटी पुढे केली.

मी वाटी घेतली नाही.

"मी राख वापरली नव्हती," मी म्हटलं. "आमच्या घरात चूलच नव्हती. माझी आई मला स्वच्छ कापसाच्या घड्या शिवून द्यायची. आणि हा धागा मऊ करायची रीत मिलची आहे. माझ्या वडिलांची. सोड्यात उकळायचं आणि मोगरीनं कुटायचं. मी आणली ती इथे. ह्यांना विचारा प्रयोगशाळा कुठे आहे."

आवाज चिरका आला. पण सगळं बोलले.

मला वाटलं होतं काहीतरी होईल. पाहुणे मॅडमकडे वळतील, विचारतील. मॅडम हसल्या. इंग्लिशमध्ये दोन वाक्यं बोलल्या. पाहुण्यांनी माना हलवल्या, माझ्याकडे बघून, समजूतदारपणे. मराठी येणारी बाई माझ्याजवळ आली. मला वाटलं ही विचारणार. ती म्हणाली, "ताई, त्यात लाजण्यासारखं काही नसतं हो." आणि माझा हात दाबून गेली.

म्हणजे खोटं त्यांना हवंच होतं. मॅडमनी फक्त पुरवलं.

गाडी गेल्याचा आवाज झाला. मॅडम परत आल्या आणि म्हणाल्या, "कदम, शटर ओढा." शटर अर्ध्यावर आलं. बाकीच्या बायका मशीनपाशी उभ्या. मशीन चालू होतं, कोणी बंद केलं नाही.

मॅडमचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. पांढरा पडलेला. आवाज मात्र तसाच, मऊ, स्पष्ट.

"तुला मी कुठून उचलून आणलं, विसरलीस? तुझी लायकी काय होती? माझ्या पाहुण्यांसमोर माझी लाज काढतेस? तुमच्यात हेच. वर घेतलं की डोक्यावर बसायचं."

मी म्हटलं, "मला कोणी उचलून आणलं नाही. मी चालत आले. कामाला."

त्यांनी मला थोबाडीत मारली. कानात शिट्टी वाजली. मी पुढे झाले तसे कदमनं मागून माझे दोन्ही दंड धरले. "ओ बाई, शांत राहा, शांत राहा," म्हणत होता आणि दंड पिळत होता. मॅडमनी टेबलावरची वाटी उचलली.

"राख वापरली नाहीस ना? मग खा आता."

मूठभर राख त्यांनी माझ्या तोंडात कोंबली. बोटांनी आत ढकलली. दातांवर, टाळूला, नाकात. श्वास घेतला तर छातीत गेली. खोकला येईना, बाहेर पडेना. डोळ्यांपुढे लाल झालं. आणि त्या राखेला वास होता. उदबत्तीचा. त्यांच्याही घरात चूल नव्हती. देवापुढची राख जमवून आणली होती त्यांनी, माझी घाण म्हणून दाखवायला.

मी त्यांचं बोट चावले. सगळे दात लावून. त्या ओरडल्या, कदमचा हात सैल पडला. ओट्याला टेकून मोगरी उभी होती. रोज सहा-सहा तास मी तिनं धागा कुटत होते, हाताला तिचा तोल माहीत होता. मी उचलली आणि मारली. मॅडमनी तोंडापुढे हात घेतला. मनगटावर बसली. आवाज आला. हिरवी फांदी मोडावी तसा, ओला.

दुसऱ्यांदा उचलली. दुसरी बसली नाही. मला दया आली म्हणून नाही. कदमनं मोगरी धरली म्हणून.

हे मी लपवणार नाही. त्या क्षणी मला बरं वाटलं. खाली बसलेल्या मॅडम, वाकडं झालेलं मनगट, पांढऱ्या कुर्त्यावर राख. मला बरं वाटलं. मग मी भिंतीशी बसले आणि राख थुंकत राहिले. काळी लाळ, तार तुटेना. लतानं मशीन बंद केलं. पाणी कोणी दिलं नाही.

पोलीस चौकीत मी सगळं सांगितलं. समोरच्या साहेबानं निम्मं लिहिलं. राखेचं आलं तेव्हा पेन थांबलं.

"जखम दाखवा."

"तोंडात कोंबली साहेब. जखम कशी दिसणार?"

"त्यांचं हाड मोडलंय. एक्सरे आहे. तुमच्याकडे काय आहे?"

माझ्याकडे जीभ होती. ती दोन दिवस फोडांनी भरलेली होती. त्यानं ती बघितली नाही.

एक रात्र आत राहून दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटले. घरी आले तर आईनं विचारलं, "खंय मारलंस?"

"हातावर."

तिनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "मारूक नको होता. पण मारलंस मां, आता मागे सरू नको."

महिन्याभरानं कदम चाळीत आला. खाली मान घालून. हातात टाईप केलेला कागद. मी सही केली तर मॅडम केस मागे घेतील, वर कामावरपण ठेवतील. मी कागद वाचला. दोन परिच्छेद होते. एकात लिहिलं होतं की मानसिक ताणामुळे माझ्या हातून हे कृत्य घडलं. दुसऱ्यात होतं की मी कार्यक्रमात सांगितलेली माझी हकीकत संपूर्ण खरी आहे.

"सही करा ओ," कदम म्हणाला. "लतानं दिलीय जबानी. तिनं सांगितलंय राख वगैरे काही झालं नाही. बाकीच्या पण तेच सांगणार. तुमच्या बाजूनं कोणी नाहीये."

लताची जबानी. करंगळीचं पेर त्या मशीनमध्ये गेलेली लता. मला तिचा राग आला, अजून आहे. रस्त्यात दिसली तर मी बोलत नाही. पण तिच्या जागी मी असते तर? मीच तो धागा बाजूला घेतला होता ना, तिच्या रक्ताखालून. मला तिच्यावर थुंकायचा हक्क नाही. बोलायची सक्तीपण नाही.

मी कदमला विचारलं, "तू माझे दंड धरले होतेस. ते लिहिलंस कुठे?"

तो जिन्याकडे बघायला लागला.

"कागद घेऊन जा," मी म्हटलं. सही केली नाही.

आता मी चाळीच्या गच्चीवर काम करते. मशीन नाही. दादरच्या फुलबाजाराबाहेर, पूजा-लग्नं संपली की केळीचे खांब टाकून दिलेले असतात, ते आणते. बोथट पत्र्यानं हातानं खरवडते. चार दिवसांचं काम मशीन एका दुपारी करतं, माहीत आहे मला. पाठ धरते. नखं तुटतात. वरच्या मजल्यावरच्या दोघी मदतीला येतात, तिसरी येऊन गेली, तिच्या नवऱ्यानं बंद केलं, केसवाल्या बाईकडे जायचं नाही म्हणाला. जे बनतं ते चाळीत जातं, थोडं बाजूच्या चाळीत. प्राचीच्या वर्गातल्या दोन मुली नेतात. प्राची स्वतः वापरते, आणि टोचतं तेव्हा तोंडावर सांगते, टोचतंय, अजून कुट.

कोर्टाची तारीख लागली आहे. वकील बाई सरकारकडून मिळाल्यात. तरुण आहेत, मनापासून मेहनत घेतात. परवा त्यांनी मला समोर बसवून शिकवलं.

"तुम्ही असं सांगा, झटापट झाली. कदमनं तुम्हाला ओढलं. त्या ओढाताणीत मोगरी तुमच्या हातातून निसटली आणि मॅडमना लागली. मारायचा हेतू नव्हता. एवढंच बोला. बाकी मी बघते. बहुतेक सुटाल."

"मोगरी निसटली नव्हती," मी म्हटलं.

"मला माहितीये. पण कोर्टात तसं सांगा."

मी दोन दिवस विचार केला. पोरगी नववीत आहे. आई थकली आहे. आत गेले तर ह्यांचं कोण, हे मला दिसतंय. कोणी समजू नये की मला दिसत नाही.

आज वकील बाईंना जाऊन सांगून आले. मोगरी निसटली नव्हती, मी मारली. दुसऱ्यांदाही मारणार होते. कोर्टात हेच बोलणार आहे, आणि का मारली तेही, गिरगावच्या हॉलपासून. पाळी हा शब्द मोठ्यानं बोलणार आहे. ऐकणाऱ्याला मान खाली घालायची तर घालू दे. शिक्षा झाली तर भोगीन. पण माझ्याबद्दल दुसऱ्यानं रचलेलं एकही वाक्य आता माझ्या तोंडातून निघणार नाही. मॅडमचं नाही. वकील बाईंचंही नाही.